वाचत नाहीत, म्हणताहेत

"दोरीच वाकडी आहे तुझी," हे म्हणाले.

म्हादबा सुताराने आधी ओळंब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. देवघराच्या चौकटीला लावून त्याने वरून दोरी सोडली होती. खालचं पितळी वजन उंबऱ्याच्या जरा वर येऊन निश्चल झालं होतं. चौकट आणि दोरी एकमेकींच्या शेजारी अशा उभ्या होत्या, की मधून केसही वाकडा गेला नसता.

"गुरुजी, दोरी कशी वाकडी असंल? खाली येवढं वजन लटाकलंय. तिला वाकडं व्हाया येतच न्हाई."

"मधे पोट आलंय तिला. चौकटीलाही आलंय. आतून वाळवी लागली असणार. काढ ती."

"वैनी, तुमास्नी दिसतंय का वाकडं?"

मी नकाराची मान हलवली. ह्यांना ते दिसलं नाही. किंवा दिसलं आणि दुर्लक्ष केलं. त्या दिवसांत ह्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नसत.

"सागवानी चौकट हाय गुरुजी, तुमच्या आज्ज्यानं बसवलेली," म्हादबा हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "चांगल्या लाकडाला हात लावायचं पाप माज्याच्यानं व्हायाचं न्हाई. च्या द्या वैनी, जातो."

त्याने चहा घेतला आणि गेला. हे मात्र चौकटीसमोर उभे राहिले, कधी एक खांदा पुढे, कधी दुसरा.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. आम्ही तेव्हा कुरुंदवाडला होतो. हे घनपाठी. म्हणजे मंत्रातली पदं सरळ, उलट, मागे-पुढे गुंफून म्हणायची जी विद्या असते, ती ह्यांना लहानपणापासून मुखोद्गत. पुस्तक म्हणून कधी हातात धरलं नाही. गुरूंनी म्हणायचं, शिष्याने ऐकायचं आणि तोंडात बसवायचं. घरात आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि ह्यांच्या थोरल्या बहीण, गोदावन्सं. वन्सं लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि तेव्हापासून घरातलं बोलण्याचं सगळं काम त्यांनीच अंगावर घेतलं होतं. मला ते बरंच होतं. माझा आवाज मुळात बारीक, त्यात सोमवारचं मौन. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही. लग्नाआधी आईने दिलेलं व्रत होतं. बाळंतपणातसुद्धा मोडलं नव्हतं.

"अहो, आपण डोळे दाखवून येऊ," म्हादबा गेल्यावर मी म्हटलं.

"कसले डोळे? दोन्ही मोतीबिंदू काढून झाले. आत नवी काच बसवलीय. तुझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं मला."

"मग पेपर का बंद केलात?"

"काय असतं त्यात वाचण्यासारखं?"

"परवा जोगळेकरांनी रस्त्यात नमस्कार केला, तुम्ही बघितलंही नाहीत. ते सगळीकडे सांगत सुटलेत की गुरुजींना गर्व झालाय."

"जोगळेकर होता का तो?" हे म्हणाले आणि मग लगेच, "त्याला वळण नाही. हाक मारायची ना."

एवढ्यात मान न वळवता म्हणाले, "दुधावर मांजर आलंय बघ."

खरंच आलं होतं, स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात. हेच मला समजेना. समोर उभा राहिलेला माणूस ह्यांना ओळखू येत नाही आणि पाठीमागून आलेलं मांजर बरोबर दिसतं. ताटात नजरेखाली वाढलेली चटणी सापडत नाही, "चटणी विसरलीस" म्हणून बोलणं ऐकायचं मी. पण ताटाबाहेर पडलेलं शीत उचलून ठेवतात. कधी कधी वाटे, सगळं नाटक आहे. वन्सं तर उघड म्हणत, "लाडावलाय. म्हातारपणी असं होतं. बायको पुढे-पुढे करायला लागली, की ह्याला दिसेनासं होतं."

मिरजेच्या एका दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर महिन्यातल्या पहिल्या सोमवारी येत. म्हादबाची ही गोष्ट झाली ती रविवारी, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तो सोमवार होता. पुढचा म्हणजे अख्खा महिना. मी ह्यांना सांगितलं, तुम्ही मिरजेला यायला कबूल होईपर्यंत मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. मी हे शब्द सहजासहजी काढत नाही, हे ह्यांना ठाऊक होतं.

"चल बाई," हे म्हणाले. "पण एक कबूल कर. मी तिथे वाचून दाखवतो. वाचलं, की हा विषय संपला. पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

मी कबूल केलं. न करून काय करणार होते?

सकाळी वन्सं लुगडं बदलून दारात तयार. "एक बोलणार नाही, दुसरा ऐकणार नाही. डॉक्टरने विचारायचं कोणाला? मीच येते."

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर आत, आणि बाहेरच्या लांबट खोलीत कांबळे म्हणून एक पोक्त गृहस्थ आधी प्रत्येकाची नजर तपासत होते. भिंतीवर दिव्याची पाटी, तिच्यावर वर मोठं अक्षर, खाली खाली बारीक होत जाणारी. ज्याला शेवटची ओळ येईल, त्याला चष्म्याचा नंबर देऊन परत पाठवायचं. ज्याला येणार नाही, त्याच्या डोळ्यात औषध घालून आत डॉक्टरांकडे. तपासणीही तिथेच आणि बाकड्यावर नंबर लावून बसायचंही तिथेच.

आमच्या आधी पाच-सहा जण होते. जयसिंगपूरचे एक पाटील, एक मास्तरीणबाई, अशी माणसं. प्रत्येक जण वाचायला लागायचा: "क... र म... प ल न ग... त व स ज ह..." कोणी तिसऱ्या ओळीला अडायचं, कोणी शेवटपर्यंत जायचं. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. म्हणजे तीच अक्षरं पुन्हा. हे माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, कंटाळलेत.

नंबर आला. ह्यांना खुर्चीवर बसवून कांबळ्यांनी उजव्या डोळ्यावर झाकण धरलं. "हां गुरुजी, वरून वाचत या."

"क. र, म. प, ल, न, ग." न थांबता, न अडखळता, एका लयीत. शेवटची बारीक ओळसुद्धा. मग डावा झाकला, पुन्हा तेच.

"या वयात अशी नजर नाही बघितली," कांबळे म्हणाले. बाकड्यावरचे पाटील कौतुकाने हसले.

पण मी ह्यांचा हात बघत होते. मांडीवर ठेवलेला उजवा हात स्वराबरोबर वर जात होता, खाली येत होता. मंत्र म्हणताना जातो तसा. हा हात वाचताना कधी हलत नाही. पेपर वाचायचे तेव्हा तो नुसता पडून असायचा. पाठ म्हणायला लागले, की आपोआप चालतो. ह्यांना स्वतःला ते कळतही नाही.

पाच-सहा माणसांनी दहा-बारा वेळा म्हटलेली ती अक्षरं. ह्यांच्यासारख्या माणसाला एकदाच पुरली असती.

मी वन्संचा पदर ओढला. ह्यांच्याकडे बोट केलं, मग माझा हात वर-खाली करून दाखवला.

"हिला पंखा हवाय," वन्सं कांबळ्यांना म्हणाल्या. "उकडतंय तिला."

मी जोरात मान हलवली, कानाला हात लावला, मग ओठांना.

"कान दुखतोय? आज मौन आहे हो तिचं. सोमवार ना."

कांबळ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "नजर उत्तम. जवळचा चष्मा तेवढा बदला. चला, पुढचा."

हे उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "संपला विषय."

"वाचत नाहीत," मी म्हटलं.

खोलीत कोणाला त्याचं काही वाटलं नाही. एका बाईने एक वाक्य उच्चारलं, एवढंच. पण वन्संच्या हातातली पिशवी खाली पडली आणि हे जागच्या जागी थांबले.

"ते वाचत नाहीत," मी पुन्हा म्हटलं. "म्हणताहेत. ऐकून पाठ झालंय त्यांना."

"तू बोललीस?" हे म्हणाले. "आज?"

"अहो काकू, असं कुठं होतं का," कांबळे हसले. "बरं, गुरुजी, बसा. शेवटची ओळ उलटी वाचा बघू. उजवीकडून डावीकडे."

मी कपाळाला हात लावला. उलटं म्हणायला घनपाठ्याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं.

"ह ज स व त," हे म्हणाले. "ग न ल प. आणखी पाहिजे? क र, र क, क र म, म र क, क र म." बाकड्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाटील तर उभेच राहिले. कांबळ्यांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं, की मला रडू आलं असतं. व्रत मोडून मी काय मिळवलं? टाळ्या. त्याही ह्यांना.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. नसीम पटवेगार त्यांचं नाव, चाळिशीच्या, थकलेल्या. कांबळ्यांनी त्यांना हकिगत सांगितली, हसत. त्या हसल्या नाहीत.

"काकू, तुम्हाला का वाटतं यांना दिसत नाही?"

मी चौकटीची गोष्ट सांगितली. सुताराची दोरी सांगितली. मांजर आणि चटणी सांगितली. इतकं सलग मी सोमवारी काय, इतर वारीही बोलत नाही. दोरीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"सरळ दोरी वाकडी दिसली? कधी?"

"काल."

"गुरुजी, आत या. डोळ्यांत औषध घालून पडदा बघते मी. आजच बघायला हवा."

"मी वाचलं," हे म्हणाले. "तुमच्या माणसाने सांगितलं तसं सरळ वाचलं, उलटं वाचलं. हिने शब्द दिलाय, वाचलं की विषय संपला. आमची बस आहे."

"गुरुजी, मोतीबिंदू काढला म्हणजे पुढची काच बदलली. मागचा पडदा तोच राहतो. वयाने तो मधोमध झिजतो. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. समोरच्या माणसाचा चेहरा जातो, कोपऱ्यातलं मांजर जात नाही."

"बाई, मी वेद कानांनी घेतले आणि तोंडाने दिले. डोळ्यांचं त्यात काम नव्हतं. जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांची तयारी नसेल तर मला जबरदस्ती करता येत नाही, काकू. पण महिनाभर थांबू नका." त्या आत गेल्या.

हे दाराबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागे गेले, वन्सं माझ्या मागे.

"अरे नारायणा, एवढी म्हणतेय तर घालून घे ना औषध," वन्सं म्हणाल्या. त्यांचाही आवाज बदलला होता.

"अक्का, तू मधे पडू नकोस. हिने व्रत मोडलं आज. कशासाठी? चारचौघांत मला खोटा ठरवायला."

मी किती वर्षं या माणसाशी हळू आवाजात बोलत आले. रागावले तरी हळूच. तेव्हा मात्र माझ्याने काही बोलवेना, हळू नाही की मोठ्याने नाही. सांगून झालं होतं, दाखवून झालं होतं, डॉक्टरीणबाईंनीही समजावून झालं होतं. मी पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि कपाळावर दाबून कुंकू पुसलं. एकदा, मग पुन्हा, डागही राहू नये म्हणून.

वन्संनी माझा हात धरला. "काय करतेस गं? वेड लागलं का?"

मी त्यांचा हात सोडवला आणि ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. उजेड माझ्या तोंडावर होता. आमच्यात हातभर अंतर.

"अहो, माझ्याकडे बघा. माझ्या कपाळावर काय आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यात डोळा घालून; निदान मला तसं वाटलं.

"कुंकू आहे," हे म्हणाले. "दुसरं काय असणार?"

वन्सं काही बोलल्या नाहीत. ज्या बाईचं तोंड झोपेत देखील मिटत नसे, ती गप्प राहिली, आणि ती शांतता ह्यांना ऐकू आली. कानांचाच माणूस. चेहरा उतरत गेला.

"अक्का?"

"तिचं कपाळ मोकळं आहे रे," वन्सं म्हणाल्या.

हे व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. बराच वेळ पायरीकडे बघत होते, किंवा पायरीच्या बाजूला कुठेतरी.

"मला ठाऊक आहे," शेवटी म्हणाले. "म्हणजे आजचं नाही. रथसप्तमीपासून. तू अंगणात दूध उतू घालायला बसली होतीस. ऊन थेट तोंडावर. मी बघितलं तर तुझं कपाळच नव्हतं. कुंकू नव्हतं. कडेचे केस होते, कानातली कुडी होती, मधे पुसून काढल्यासारखं. डोळे चोळले, तरी तेच. मला वाटलं, देव मला आधीच दाखवतोय. ही अशी होणार. म्हणजे मी..." हे थांबले. "असलं बायकोला सांगायचं असतं का? रोज सकाळी तुझ्याकडे बघून मनात म्हणायचो, आहे. कुंकू आहे. म्हणत राहिलो, की टळेल."

"रथसप्तमीपासून?" मी म्हटलं. आता ज्येष्ठ लागला होता. "एवढे महिने तुम्ही मरणाची वाट बघत बसलात आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

"मी चटणीवरून तुमची बोलणी खात होते."

ह्यांना हसू आलं असावं. मला आलं नाही. मी ह्यांचा दंड धरून उठवलं आणि आत नेलं. या खेपेला हे आले.

औषधाचे थेंब, मग अंधारी खोली, मग डोळ्याच्या पडद्याचे फोटो. डॉक्टरांनी ते मला दाखवले, संगणकावर मोठे करून. डाव्या डोळ्यात मधोमध जुना व्रण होता, खपलीसारखा धरलेला. "हा कधीच गेलाय. उजवा काम चालवत होता, म्हणून कोणाला कळलं नाही." उजव्यातही मधला भाग झिजलेला होता, पण त्याच्या कडेला ताजं काहीतरी झिरपत होतं. त्यानेच पडदा फुगला होता आणि दोरीला पोट आलं होतं.

"झिजलंय ते परत येणार नाही," त्या ह्यांना म्हणाल्या. "मी खोटी आशा लावत नाही. पण झिरपणं थांबवता येईल, उरलंय ते राखता येईल. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. आज एक, मग आणखी काही."

"डोळ्यात सुई?"

"हो. बधिर करून. घेतलं नाही, तर उजवा डाव्याच्या वाटेने जाईल."

ह्यांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुम्ही चांगलं सांगितलंत. पण जे जायचं ते जाणारच. हिचा चेहरा परत येणार नाही म्हणता. मग उरलेलं काय राखायचं? मांजर?"

माझा संयम तिथे सुटत होता. महिनोन्‌महिने चाललेली ती भिंतीशी टक्कर पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली होती. मी तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी हात वर केला.

"काकू, तुम्ही इथे बसा, यांच्या समोर. गुरुजी, काकूंच्या चेहऱ्याकडे बघू नका."

"म्हणजे?"

"तुमचा मधला भाग रिकामा आहे. तुम्ही ज्याच्याकडे नेमकं बघता, तेच त्या रिकाम्यात पडतं. म्हणून त्यांच्याकडे बघायचं असेल तर नजर बाजूला न्या. त्यांच्या कानापलीकडे. ती भिंत दिसतेय? तिच्याकडे. आणि लक्ष मात्र काकूंकडे ठेवा. सवय लागायला दिवस जातात, पण करून बघा."

ह्यांनी तोंड वळवलं. आधी थोडं, मग जास्त झालं म्हणून परत. मी समोर बसले होते आणि माझा नवरा माझ्याकडे पाठ केल्यासारखा भिंतीकडे बघत होता. वन्सं दाराशी श्वास धरून उभ्या. नजर भिंतीवर इंच-इंच सरकत होती, स्वर लावताना चाचपडतात तशी. मग एका जागी थांबली.



"डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या," हळूच म्हणाले. "कधीपासून?"

माझा हात आपोआप डोळ्यांखाली गेला.

"आणि कपाळ मोकळं आहे. कुंकू नाही."

आमच्याकडे सवाष्णीला हे शब्द कोणी स्वप्नातही बोलत नाही. मी हात जोडले. कोणाला, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

ह्यांची नजर भिंतीवरून हलली नाही. हलवली तर मी पुन्हा जाईन, या भीतीनेच बहुधा. तसंच भिंतीकडे बघत डॉक्टरांना म्हणाले, "कुठे आडवं व्हायचं, तेवढं दाखवा."